हंडीखाली जळालेली कवाडं

बेलगव्हाणची वेस मागे टाकून ओढा ओलांडला की माळावर हे दगडी मंदिर दिसतं. छपरावर क्रूस आहे, बाजूला घंटा आहे, भिंतींना दरवर्षी चुना होतो. दार मात्र नाही. म्हणजे उघडं आहे असं नव्हे, नाहीच. चौकट आहे, चौकटीत गंजलेल्या बिजागऱ्या आहेत, आणि रस्त्यावरून थेट आतलं वेदीचं मेज दिसतं. आमच्याकडची जुनी ख्रिस्ती माणसं उपासनेच्या जागेला मंदिरच म्हणतात, तेव्हा त्या शब्दानं गोंधळू नका. पाहुणे येतात, आधी फोटो काढतात आणि मग हळूच विचारतात, "दार चोरीला गेलं का हो?" चोरीला कशाला जाईल? आम्ही जाळलं ते. त्याच्या जाळावर जे शिजलं ते सगळ्या वाडीनं पोटभर खाल्लं. बसा त्या ओट्यावर, सांगतो.

साल मला विचारू नका. गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे दिवस होते एवढं नक्की. उंदीर पडायचे, मग माणसं पडायची. गावोगावच्या वेशी काट्या टाकून बंद केलेल्या होत्या आणि जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघत होता, असं सांगतात.

बेलगव्हाणात तेव्हा पिंजाऱ्यांचं एकच घर होतं. हुसेनभाई पिंजारी, त्याची बायको रसूलबी, मुलगा आणि सून जैतून. गावातल्या सगळ्या गाद्या-उशांचा कापूस बापलेक पिंजायचे. ताप गावात शिरला तो याच घरातून. पहिला बळी हुसेनभाईच्या मुलाचा गेला. लगेच गावानं ठरवून टाकलं, की पिंजाऱ्यानं शहरातून कापसाबरोबर रोग आणला. मातीवरून माणसं परतली नाहीत तोच पाटलाच्या माणसांनी हुसेनभाईचं पिंजण घरासकट पेटवलं आणि तिघांना वेशीबाहेर हाकललं. जैतून तेव्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. नवऱ्याला रडायलाही तिला कुणी उसंत दिली नाही.

पुढच्या गावांनी त्यांना शिवेवरूनच परत लावलं. फिरून फिरून ती तिघं एका दुपारी आमच्या वाडीशी आली. ही वाडी म्हणजे गावानं ज्यांना कधी शिवून घेतलं नाही त्यांची वस्ती. बापजाद्यांनी येशूचं नाव घेतलं, गळ्यातले दोरे काढले, मुलं शाळेत घातली. गावाच्या लेखी त्यानं काही बदललं नाही. विटाळ होता तो विटाळ राहिला. आणि खरं तेच सांगायचं तर याच हुसेनभाईनं आमच्या वाडीत कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. गावात राहायचं म्हणून गावासारखं वागत असेल बिचारा, पण वागत होता हे खरं.

विहिरीवर सालोमीबाई होती. वाडीची सुईण. हाडानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. तिनं जैतूनच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि घागर तिथंच ठेवली, असं सांगतात.

"आत घ्या पोरीला," ती म्हणाली. "मंदिर उघडा."

मंदिराची किल्ली थोमा मास्तरांच्या कमरेला असायची. ते वाडीचे उपदेशक, शाळेचे मास्तरही तेच. माणूस सज्जन, पण पानाच्या सळसळीला दचकणारा. मंदिराची सागवानी कवाडं पाद्रीबाबांनी मिशनच्या ठाण्याहून पाठवली होती आणि वाडीला त्या कवाडांचा भारी अभिमान होता. कुणाच्याच घराला तशी नव्हती. मास्तर रोज संध्याकाळी ती लावायचे, कुलूप ओढून बघायचे, चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढून बघायचे. त्या दिवशी त्यांनी किल्ली काढली, पण आधी चारी बाजूंना बघून घेतलं म्हणे.

सालोमीबाईनं तिघांना कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी घातल्या, अंगावरचे कपडे माळावर नेऊन पुरायला लावले, आपल्या पेटीतली लुगडी काढून दिली. मग घरी गेली, होती नव्हती ती एकुलती कोंबडी कापली आणि झणझणीत रस्सा करून ताटं घेऊन आली. वाडी दाराशी जमलेली. पाहुणे आता जेवतील, मग आपण बोलू, असं सगळ्यांच्या मनात.

हुसेनभाईनं ताटाकडे पाहिलं आणि ते हळूच पुढे सरकवलं. रसूलबीनंही तेच केलं.

काय झालं असेल, ओळखा. तुम्ही शिकलेली माणसं पटकन ओळखाल. आमच्या माणसांना मात्र त्या क्षणी एकच गोष्ट आठवली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यापुढून ताट असं सरकवलं गेलं, ते दुसरं काय समजणार? यिर्मया ओहोळ म्हणून एक म्हातारा होता, त्याच्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघा!" तो ओरडला. "घर जळालं, पोरगं मेलं, तरी आमच्या हातचं चालत न्हाई! घाला बाहेर ह्यास्नी!"

सालोमीबाईचाही चेहरा पडला होता, असं सांगतात. ताटाशेजारी तिनं पाण्याचा पितळी लोटा ठेवला होता. रसूलबी उठली, तो लोटा उचलला, ओठाला लावला आणि सगळ्या वाडीदेखत घटाघटा प्यायली. मग तोच लोटा तिनं नवऱ्याच्या हातात दिला. हुसेनभाई प्यायला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं म्हणे.

"बाई," रसूलबी म्हणाली, "तुमच्या हाताला आमी नाय म्हणत न्हाई. आजवर म्हनलो असू, तर अल्ला माफ करो. हात तुमचाच पायजे. पन कोंबडी कापताना आमच्यात अल्लाचं नाव घ्यावं लागतं. त्याबिगर ते आमच्या गळ्याखाली उतरत न्हाई. फकस्त सुरी आमच्या मानसाच्या हातात द्या."

सालोमीबाई हसायलाच लागली.

"एवढंच व्हय? अगं मग आधी सांगायचं! सुरी घ्या की. तशी बी आमची बोथटच हाय."

त्या दिवशी पाहुणे भाकरी आणि कांदा जेवले. कोंबडीचा रस्सा यिर्मयानं संपवला. कुरकुरत संपवला, पण ताट पुसून संपवला असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी पाटलाचा निरोप घेऊन कोतवाल ओढ्यापलीकडे उभा राहिला. अलीकडे यायची त्याला आज्ञा नव्हती. तिथूनच ओरडून त्यानं सांगितलं, की पिंजाऱ्याला काढा. नाही काढलं तर वाडीला गावचं काम बंद, बाजार बंद, आणि गायरानातल्या सरपणाला हात लावाल तर तंगडी मोडू. त्याच दुपारी वाडीनं माळावर रचलेल्या गोवऱ्याही पाटलाच्या गड्यांनी गाड्यांत भरून नेल्या. थंडीचे दिवस, नाताळ तोंडावर आणि वाडीत चुलीला जाळ नाही.

मंदिरातच बैठक बसली. मास्तर म्हणाले, की आपण आधीच गावाच्या डोळ्यांत खुपतो, निमित्त कशाला द्यायचं. कुणी म्हणालं, ताप वाडीत आला तर? हे बोलणं काही दुष्टपणाचं नव्हतं. ज्याच्या घरात लेकरं आहेत त्याला भीती वाटणारच. शेवटी सगळे सालोमीबाईकडे बघू लागले.

"दर नाताळाला मास्तर ती गोष्ट वाचत्यात," ती म्हणाली. "मरियेचे दिवस भरले आन् उतारशाळेत जागा मिळाली न्हाई. दर वर्साला आपुन त्या उतारशाळेवाल्याला नावं ठेवतो. कसला दगड मनाचा मानूस, म्हनतो. आता दिवस भरलेली पोर आपल्या दारात आलीय. हिला काढायची आसंल तर काढा. पन मग यंदापास्नं ती गोष्ट वाचायची न्हाई. वाचली तर मीच उठून मास्तरांच्या हातातलं पुस्तक मिटीन."

जैतून राहिली, तिच्याबरोबर सगळेच राहिले.

नाताळच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबा छकड्यातून आले. ते गोरे होते आणि मराठी पुस्तकातलं बोलायचे. वेशीत पाटलानं त्यांना गाठून सगळं कानावर घातलं होतं. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. वाडीची शाळा त्यांच्यामुळे उभी राहिली. त्यांनी तोड काढली ती त्यांच्या परीनं दयेचीच होती. ते म्हणाले, "या कुटुंबाने बाप्तिस्मा घ्यावा. मग ही माझी माणसे होतील, आणि मी त्यांच्यासाठी पाटलाशी बोलेन, गरज पडल्यास सरकारशी बोलेन. अन्यथा मला अधिकार नाही."

हुसेनभाई भिंतीशी बसला होता. तो उठून उभा राहिला.

"साहेब, पोरगा गेला. घर गेलं, पिंजण गेलं. आता येवढंच ऱ्हायलंय. ते बी हितं ठिऊन जाऊ व्हय?"

पाद्रीबाबा सालोमीबाईकडे वळले. ती वाडीत सगळ्यांत भाविक, तिला तरी हे पटेल असं त्यांना वाटलं असावं.

"साहेब," ती म्हणाली, "येशूची गोष्ट मी ह्यास्नी सांगनार. रोज सांगनार, माझं तोंड कोन धरतंय? पन ताट म्होरं ठिऊन न्हाई सांगनार. भुकेल्याला विचारायची ही गोष्ट हाय का?"

तेवढ्यात मंदिराच्या मागच्या खोलीतून जैतूनची किंकाळी आली आणि सालोमीबाई आत पळाली.

कळा दिवसभर चालल्या. बायकांकडून बायकांकडे आलेली एक गोष्ट वाडीत अजून सांगतात. पोर घाबरली होती म्हणून रसूलबी तिला थोपटत बीबी मरियमची हकिकत सांगू लागली. मरियम एकटी होती, रानात होती, कळांनी कासावीस होऊन खजुरीच्या बुंध्याला टेकली. तेव्हा आवाज आला, की दुःख करू नको, बुंधा हलव. आणि वरून पिकलेला खजूर पडला. सालोमीबाईचे हात थांबले. "कोन मरिया? आमची?" रसूलबी म्हणाली, "आमची बी." मग सालोमीबाईनं तिला गोठ्याची आणि मेंढपाळांची गोष्ट सांगितली. "तुमच्यात झाड हाय, आमच्यात गोठा," ती म्हणाली. "लेकरू त्येच." त्या लेकराविषयी दोघींचं पुढे जमणारं नव्हतं आणि ते दोघींना ठाऊक होतं. पण त्या खोलीत त्यांनी तो वाद काढला नाही. एकीनं पाठ धरली, दुसरीनं पाय.

बाहेर हुसेनभाईनं बिस्मिल्ला म्हणून नाताळचा बोकड कापला. सुरी त्यानं स्वतः दगडावर घासून धार लावलेली होती. यावरही पाद्रीबाबांची कुरबुर झाली म्हणतात, की प्रभूच्या जन्मदिनाला हे कसं चालेल. यिर्मयानं उत्तर दिलं. हो, त्याच यिर्मयानं. "ज्यानं बोकड घडवला त्याचंच नाव घेतलंय, साहेब. दुसऱ्या कुनाचं न्हाई."

मांस हंडीत पडलं, चूल मांडली, आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले. जाळ नव्हता. वाडीतल्या काटक्या-कुटक्या आदल्याच दिवशी संपलेल्या. आतून सालोमीबाई ओरडत होती, की गरम पाणी आणा, पोर गारठलीय. एकानं आपल्या खाटेचे पाय काढून आणले. ते कितीसे पुरणार?

आता ऐका. थोमा मास्तर, ज्यांनी किल्ली काढताना चारी बाजूंना बघून घेतलं होतं, ते मंदिराच्या दाराशी गेले. कमरेची किल्ली सोडली आणि ओढ्याच्या दिशेनं लांब भिरकावून दिली. मग कुऱ्हाड मागितली. पहिला घाव बसला तेव्हा वाडीतल्या बायका किंचाळल्या, असं सांगतात. सागवानी कवाडं कडाकडा फुटली. अर्धी पाण्याच्या चुलीत गेली, अर्धी हंडीखाली.

पाद्रीबाबा धावत आले. "मास्तर! देवाच्या घराचे दार!"

मास्तर घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "साहेब, दार होतं तोवर रोज मला भीती वाटायची, की कधीतरी ते कुणाच्या तरी तोंडावर लावावं लागेल. आता लावायला दारच नाही. आता मी कुणाला भ्यायचं?"

दिवस मावळता मावळता जैतूनला मुलगी झाली. नाव ठेवायला कुणाला विचारावं लागलं नाही. दोन्ही म्हाताऱ्या एकदमच म्हणाल्या म्हणे, मरियम.

नाताळच्या सकाळी उपासना झाली आणि वाडी पंगतीला बसली. दाराच्या मोकळ्या चौकटीतच हंडी ठेवली होती, माणसं आतही होती आणि बाहेरही. वाढायला सुरुवात होणार तोच पाटील आला. बरोबर लाठ्या घेतलेले गडी होते.

"पिंजाऱ्याला बाहेर काढा," पाटील ओढ्याच्या अलीकडे येऊन ओरडला.

सालोमीबाई हातात पळी घेऊन उभी राहिली. "या की आत, पाटील. दार कुठं हाय? कडी न्हाई, कुलूप न्हाई. ह्ये बगा, पंगतीच्या मदी बसल्यात. या, आमच्या मांडीला मांडी लावून वाट काडा आन् घेऊन जा."

गडी पाटलाकडे बघू लागले, पाटील गड्यांकडे. आत शिरायचं म्हणजे आम्हाला शिवायचं. आमच्या अंगांना अंग घासायचं, आमच्या ताटांवरून जायचं. ते कुणाच्यानं होणार होतं? ज्या विटाळापायी गावानं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या उन्हात उभं केलं, त्या विटाळापायी त्या दिवशी गाव उन्हात उभं राहिलं. हे सांगताना मला अजून आनंद होतो, आणि तो मी लपवत नाही.

चिडून एकानं दगड मारला. तो हंडीला लागला, घंटेसारखा आवाज झाला आणि बाळ रडायला लागलं. पंगतीतून कुणी उठलं नाही. सालोमीबाईनं हंडीत पळी घातली आणि पहिली वाढ जैतूनच्या ताटात केली. मग रसूलबीकडे पाहिलं. रसूलबी लोट्यातलं पाणी प्यायली आणि पाटलाकडे बघत, मोठ्यानं म्हणाली, "वाढा."

तेव्हा वाडी जेवली. पाटील ते बघत किती वेळ उभा होता, कुणाला माहीत नाही. मान वर करून कुणी पाहिलंच नाही.

पाद्रीबाबांचं दोन तऱ्हेनं सांगतात. कुणी म्हणतं, ते उपाशीच छकड्यात बसून निघून गेले. कुणी म्हणतं, पंगतीच्या टोकाला मांडी घालून बसले आणि रस्सा दुसऱ्यांदा मागितला. मी दुसरं धरून चालतो.

पिंजारी वाडीतच राहिले. ताप ओसरला, गावालाही गाद्या लागल्या, पाटलाचं घरही शेवटी हुसेनभाईकडे निरोप धाडू लागलं. सालोमीबाईनं तिच्या शब्दाप्रमाणे रोज येशूची गोष्ट सांगितली आणि रसूलबीनं रोज ऐकली. रसूलबी नमाज पढायची तेव्हा सालोमीबाई बाहेर बसून कोंबड्या हाकायची. दोघी आपापल्या देवाच्या नावानं गेल्या.

आजही मंदिराला दार नाही. नव्या कमिट्या येतात, लोखंडी दाराचं बोलतात, आम्ही चहा पाजून वाटेला लावतो. उपदेश चालू असताना शेळी आत येते, येऊ द्या. हंडीही तीच आहे, पोटाला पोचा पडलेली. कल्हईवाला दर खेपेला म्हणतो, ठोकून सरळ करून देतो. आम्ही करू देत नाही. आजही नाताळचा बोकड पिंजाऱ्यांच्याच हातानं कापला जातो, म्हणून सगळ्यांची हंडी एक. आणि त्यांच्या घरची बाई त्या पितळी लोट्यातलं पाणी पिऊन "वाढा" म्हणाल्याशिवाय वाडीत कुणी घास उचलत नाही.

त्यांचं घर आता तालुक्याला असतं, गादीचं दुकान आहे. गेल्या वर्षी दोन्हीकडचे शहाणे हिंडत होते. आमच्याकडे येऊन सांगून गेले, की परक्याच्या हातचं मांस सणाला कशाला. तिकडे जाऊन सांगितलं, की त्यांच्या देवळात जायचं कारण काय. नाताळच्या सकाळी मरियमच्या वंशातला एजाज पिंजारी मोटारसायकलवरून आला, बोकड कापून दिला आणि वाहिदाला, म्हणजे त्याच्या बायकोला, मागून रिक्षानं यायला सांगितलंय म्हणाला. पंगत बसली. हंडी चौकटीत आली. वाहिदाचा पत्ता नाही. फोन लागेना. ऊन चढलं, रश्श्यावर चरबीची साय धरली, लेकरं कुरकुरू लागली. कुणीतरी म्हणालं, निदान पोरांना तरी वाढू या. कुणी हलेना. मी म्हातारा माणूस, ओढ्याकडे बघत बसलो होतो. वाटलं, जे पाटलाला जमलं नाही ते या शहाण्यांना जमलं.

मग ती दिसली. माळावरून चालत येत होती, कडेवर धाकटी, चपला हातात. रिक्षावाल्याला कुणीतरी दम भरला होता, त्यानं फाट्यावरच उतरवलं होतं.

"फार वेळ झाला का काका?" ती म्हणाली. "वाटेत दोघांनी विचारलं, कुठं चाललीस. मी म्हटलं, जेवायला."

तिनं लोटा उचलला, घटाघटा पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि रस्त्याच्या बाजूला तोंड करून, सगळ्या माळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "वाढा."